उपचारांपूर्वी ऊतीची साक्ष
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विकृतिशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



 आमचा विभाग रुग्णांच्या फारसा दृष्टीस पडत नाही. रुग्ण स्वतः आमच्याकडे येत नाही. त्याच्या शरीराचा एक लहानसा अंश बाटलीतून आमच्याकडे येतो. नातेवाइकांचा आमच्याशी संबंध येतो तो बहुधा दोनच प्रसंगी : शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी ती बाटली हाती दिली जाते तेव्हा, आणि पुढे अहवालाची वाट पाहताना. हे दोन्ही प्रसंग काळजीचे असतात. त्या वेळी प्रश्न विचारण्याचे भान नसते आणि उत्तर देण्यास निवांत वेळही मिळत नाही. म्हणून आज आपणांसमोर थोडे विस्ताराने बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की रोगाचे स्वरूप जेथे अनिश्चित आहे आणि ऊती तपासणे जेथे शक्य आहे, तेथे ऊतीची साक्ष काढल्याविना दीर्घ मुदतीचे उपचार सुरू होऊ नयेत. हे आग्रहाने का सांगावे लागते, ते एका नित्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

गळ्यातील गाठ

एखाद्या तरुण मुलाच्या किंवा मुलीच्या मानेवर गाठी येतात. दुखत नाहीत, पण हळूहळू मोठ्या होतात. संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मंदावते, वजन उतरते, रात्री घाम येतो. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो निराधार नसतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसाबाहेर होणाऱ्या क्षयात लसीकाग्रंथींचा, म्हणजे अशा गाठींचा, क्षय सर्वांत अधिक आढळतो. परंतु ताप, घाम, वजन उतरणे आणि गाठी ही सारी लक्षणे लिम्फोमा या लसीकाग्रंथींच्या कर्करोगातही जशीच्या तशी दिसतात. बाहेरून हात लावून, रक्त तपासून किंवा छायाचित्र काढून या दोहोंतील भेद नेहमी खात्रीने सांगता येत नाही. सोनोग्राफी आणि स्कॅन गाठ कोठे आहे, केवढी आहे, कशाला चिकटली आहे हे उत्तम सांगतात. ती कशाची आहे हे मात्र बहुतेक वेळा गाठीतील पेशींनाच विचारावे लागते.

आता समजा, तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू केली. ती किमान ६ महिने घ्यावयाची असतात. शिवाय खऱ्या क्षयातही उपचार सुरू झाल्यावर गाठी काही काळ उलट वाढू शकतात. त्यामुळे गुण येत नसला तरी ‘आणखी थोडे थांबून पाहू’ असे म्हणण्यास निमित्त मिळत राहते. गाठ लिम्फोमाची असेल तर ते महिने रोगाच्या पदरात पडतात. हॉजकिन लिम्फोमासारख्या प्रकारात वेळेवर योग्य उपचार मिळाल्यास आज बहुसंख्य रुग्ण बरे होतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या महिन्यांचे मोल कळते. याउलट, कर्करोगाच्या धास्तीने खचलेल्या कुटुंबास ‘हा क्षय आहे, औषधांनी बरा होईल’ असे सांगण्याचा प्रसंगही आमच्या वाट्यास अनेकदा येतो. दोन्ही वेळी निर्णय होतो तो ऊतीच्या तुकड्यावरच.

सूक्ष्मदर्शकाखाली या दोन रोगांचे चित्र अगदी निराळे असते. क्षयाच्या गाठीत विशिष्ट पेशींचे पुंजके दिसतात, त्यांना आम्ही ग्रॅन्युलोमा म्हणतो. मध्यभागी चक्क्यासारखा मऊ, मृत भाग असतो. आणि विशेष रंगप्रक्रिया केल्यास काही वेळा क्षयाचे लालसर जंतूही सापडतात. हॉजकिन लिम्फोमात गाठीच्या मूळ रचनेचा लोप झालेला असतो आणि अधूनमधून दोन केंद्रकांची मोठी पेशी दिसते. तिचे रूप घुबडाच्या डोळ्यांसारखे भासते. ही रचना समजण्यासाठी पुष्कळदा संपूर्ण गाठ काढून तपासावी लागते. सुईने काढलेल्या थोड्या पेशी क्षयाचा माग काढण्यास अनेकदा पुरेशा ठरतात, परंतु लिम्फोमाचा प्रकार निश्चित करण्यास त्या अपुऱ्या पडतात. ‘सुईची तपासणी झाली होती, मग पुन्हा गाठ का काढता?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

येथे आणखी एक विनंती करावीशी वाटते. निदान होण्यापूर्वी तात्पुरता आराम म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यास लिम्फोमाची गाठ काही काळ आक्रसते आणि तुकड्यातील चित्रही अस्पष्ट होते. म्हणून गाठीचे कारण ठाऊक नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अशा गोळ्या कोणीही घेऊ नयेत.

हा भेद कसा कळला

क्षय आणि लिम्फोमा यांतील हा गोंधळ केवळ आपल्या देशातला किंवा आपल्या काळातला नव्हे. लंडन येथील गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये मृत रुग्णांच्या अवयवांचा अभ्यास करणारे थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये, लसीकाग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या ७ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांनी हे काम नुसत्या डोळ्यांनी केले. ऊतींचा सूक्ष्मदर्शकाने नियमित अभ्यास तोवर रुळला नव्हता. पुढे १८५८ मध्ये रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञांनी रोगाचे मूळ पेशींतील बिघाडात शोधावे, असा सिद्धान्त मांडला आणि आमच्या शास्त्रास आजचे रूप आले. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवून दिला. तरीही हॉजकिन यांनी वर्णिलेला रोग हा क्षयाचाच एक प्रकार असावा, असे अनेकांस वाटत होते. १८९८ मध्ये कार्ल श्टेर्नबेर्ग यांनी त्या रोगातील मोठ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले, पण त्यांचेही मत तेच होते. अखेर १९०२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे डोरोथी रीड या तरुण स्त्री-डॉक्टरने त्याच ऊतींचा अभ्यास करून हा रोग क्षयाहून वेगळा आहे, हे दाखवून दिले. ती मोठी पेशी आजही रीड आणि श्टेर्नबेर्ग या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

या हकिकतीचा शेवट आमच्या विभागास विशेष मोलाचा वाटतो. हॉजकिन यांच्या मूळ रुग्णांपैकी काहींच्या ऊती गाय्‌ज हॉस्पिटलच्या संग्रहालयात जतन करून ठेवलेल्या होत्या. १९२६ मध्ये, म्हणजे ९४ वर्षांनी, त्यांच्या तपासणीचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि त्यांतील काहींत खरोखर हाच रोग होता, हे सिद्ध झाले. येथे जमलेल्या देणगीदारांस हेही सांगावेसे वाटते, की ते रुग्णालय थॉमस गाय नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या दानातून १७२१ मध्ये स्थापन झाले होते. आपल्या दानातून शंभर वर्षांनी एखाद्या नव्या रोगाची ओळख पटेल आणि दोनशे वर्षांनी तिची खातरजमा होईल, याची त्या दात्यास कल्पनाही नसावी.

आपल्या मातीतील काम

ऊतिपरीक्षणाचा उपयोग एका रुग्णापुरता थांबत नाही, हे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी दाखवून दिले. १८९५ मध्ये जन्मलेले आणि १९७८ मध्ये निवर्तलेले खानोलकर भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. परळ येथील टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पुढील वर्षी, लोकांच्या राहणीतील सवयी आणि कर्करोग यांचा संबंध दाखविणारा त्यांचा निबंध आला. कमरेशी नित्य घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या जागी त्वचेचा कर्करोग होऊ शकतो, हे त्यात नोंदविले होते. एकेका तुकड्याच्या तपासणीतून, तिच्या नोंदीतून आणि त्या नोंदी एकत्र मांडण्यातून समाजाच्या सवयींचे परिणाम असे उजेडात आले. कुष्ठरोगात मज्जातंतूंचे नेमके काय होते, याचाही त्यांनी ऊतींच्या साहाय्याने अभ्यास केला.

तंबाखू, मिसरी, गुटखा आणि सुपारी यांचे दुष्परिणाम आजही आपल्या रुग्णालयात नित्य दिसतात. गालाच्या आत पांढरा चट्टा येतो. दुखत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. सुपारीमुळे तोंड उघडेनासे होते, तेही ‘दातांचे काहीतरी असेल’ म्हणून सोडून दिले जाते. अशा चट्ट्याचा लहानसा तुकडा तपासला, तर पेशींत कर्करोगापूर्वीचे बदल सुरू झाले आहेत की नाहीत, हे कळते. कर्करोग होण्याच्या आधीच त्यास गाठण्याची ही संधी असते. तोंडातील चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती अवश्य दाखवावी, एवढे तरी आपण घरोघरी सांगावे, अशी आमची प्रार्थना आहे.

तुकड्याचा प्रवास

‘एवढासा तुकडा, मग अहवालास इतके दिवस का?’ हा प्रश्न आम्हांस रोज ऐकू येतो. त्याचे उत्तर त्या तुकड्याच्या प्रवासात आहे.

शरीरापासून वेगळी झालेली ऊती तत्क्षणी कुजण्याच्या मार्गास लागते. ते थांबविण्यासाठी ती फॉर्मालिनमध्ये ठेवतात. १८९३ मध्ये फेर्डिनांड ब्लुम यांनी या द्रावाचा हा गुण ओळखला आणि आजही जगभर तोच वापरला जातो. १० टक्के फॉर्मालिन, तेही तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट, असा दंडक आहे. ते आतपर्यंत मुरण्यास वेळ लागतो. स्तनाच्या गाठीच्या बाबतीत ही मुदत ६ तासांहून कमी आणि ७२ तासांहून अधिक असू नये, असा संकेत आहे. कारण पुढे त्याच तुकड्यावर संप्रेरकांच्या ग्राहकांची चाचणी करावयाची असते.

त्यानंतर आमचे डॉक्टर नमुना मोजतात, त्याचे वर्णन लिहून ठेवतात, कडांना शाई लावतात आणि नेमक्या जागांचे पातळ काप निवडतात. कडांना शाई लावण्याचे कारण असे, की गाठ काढताना तिच्याभोवती निरोगी भाग पुरेसा आला आहे की नाही, हे पुढे काचेवर त्या रंगाच्या रेषेवरून कळते. निवडलेल्या कापांतील पाणी अल्कोहोलने क्रमाक्रमाने काढले जाते. अल्कोहोलच्या जागी झायलीन आणि झायलीनच्या जागी वितळलेले मेण भरले जाते. हे काम यंत्र बहुधा रात्रभर करीत असते. सकाळी मेणाचा लहान ठोकळा तयार होतो, त्यास ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम या यंत्रावर तंत्रज्ञ त्या ब्लॉकचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ असलेला हा पापुद्रा कोमट पाण्यावर अलगद तरंगवून काचपट्टीवर घेण्यास हाताचे कसब लागते. ते वर्षांच्या सरावानेच येते. मग त्यास रंग दिले जातात. मध्य अमेरिकेतील एका वृक्षाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलीनने पेशींची केंद्रके निळसर जांभळी होतात आणि इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो.

यानंतर डॉक्टरांचे वाचन सुरू होते. लहान तुकड्याचा अहवाल साधारणपणे दोन-तीन दिवसांत देता येतो. मोठ्या अवयवास अधिक दिवस लागतात. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातील चुना आम्लाने विरघळवावा लागतो, त्यात आणखी दिवस जातात. नेहमीच्या रंगांनी निर्णय होत नसेल, तर विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या चाचण्या कराव्या लागतात. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-टू हे प्रथिन आहे की नाही, यावर रुग्णास कोणते औषध लागू पडेल हे ठरते. केवळ ‘कर्करोग आहे’ एवढे सांगून आता भागत नाही. तो कोणत्या प्रकारचा, कोणत्या प्रतीचा आणि कोणत्या औषधास दाद देणारा, हेही तुकड्यावरूनच सांगावे लागते.

शस्त्रक्रिया चालू असतानाच काही मिनिटांत उत्तर मिळते, असेही आपण ऐकले असेल. त्या पद्धतीत तुकडा गोठवून लगेच काप काढतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी १९०५ मध्ये ती व्यवहारात आणली. शल्यचिकित्सकांस त्या क्षणी हवे असलेले मर्यादित उत्तर तिने मिळते. गोठविलेल्या कापात बारकावे पुरते दिसत नाहीत, म्हणून अंतिम अहवाल मेणाच्या ब्लॉकवरूनच दिला जातो.

मनातील भीती

आता एका भीतीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ‘सुई लावली की गाठ भडकते’, ‘तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो’ हे वाक्य आम्ही सुशिक्षित घरांतूनही ऐकतो. या भीतीपोटी कित्येक कुटुंबे तपासणी नाकारतात आणि झाडपाल्यात किंवा नुसत्या वाट पाहण्यात महिने घालवितात. जेव्हा ती परत येतात, तेव्हा रोग पुढे गेलेला असतो. अशा वेळी तुकडा काढावाच लागतो, रुग्ण थोड्याच काळात दगावतो, आणि शेजारीपाजारी म्हणतात, ‘तुकडा काढला आणि गेला.’ वस्तुतः क्रम उलटा असतो : रोग आधीच पसरलेला असतो, तुकड्याने तो केवळ उघड केलेला असतो.

सुईच्या मार्गाने पेशी पसरण्याची शक्यता मुळीच नसते, असे आम्ही म्हणणार नाही. बहुतेक गाठींत ती अत्यंत विरळ असते आणि निदानाचा लाभ तिच्याहून कितीतरी मोठा असतो. जेथे धोका गणनीय असतो, तेथे डॉक्टर रीतच बदलतात. वृषणाच्या गाठीत कर्करोगाचा संशय असल्यास वृषणकोशातून सुई घालत नाहीत. जांघेतून शस्त्रक्रिया करून संपूर्ण वृषण काढतात व मग तपासतात. हाडाच्या कर्करोगाचा संशय असल्यास तुकडा काढण्याची वाट अशी आखतात, की पुढील शस्त्रक्रियेत तीही काढून टाकता यावी. म्हणून तपासणी कोणी आणि कोठे करावी, याचा सल्ला जरूर घ्यावा. ती करूच नये, हा निर्णय मात्र भीतीच्या हाती सोपवू नये.

तपासणीच्या मर्यादा

आमच्या शास्त्राच्या मर्यादाही आपणांस ठाऊक असाव्यात. १८८७ मध्ये जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. तेथील डॉक्टरांनी स्वरयंत्राच्या कर्करोगाचा संशय घेऊन शस्त्रक्रियेची तयारी केली. इंग्लंडहून आलेले डॉ. मोरेल मॅकेन्झी यांनी आधी तुकडा तपासण्याचा आग्रह धरला. तुकडे साक्षात फिर्खो यांच्याकडे गेले. त्यांत त्यांना कर्करोग आढळला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली. मार्च १८८८ मध्ये फ्रेडरिक सम्राट झाले आणि ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी निधन पावले. मरणोत्तर तपासणीत स्वरयंत्राचा कर्करोग निश्चित झाला.

फिर्खो यांच्याएवढा अधिकारी पुरुष त्या काळी दुसरा नव्हता. अहवाल हाती आलेल्या तुकड्यांपुरता होता. निष्कर्ष मात्र संपूर्ण रोगाविषयी काढला गेला. म्हणून ‘या तुकड्यात कर्करोग दिसत नाही’ या वाक्याचा अर्थ ‘रुग्णास कर्करोग नाही’ असा परस्पर लावू नये. रुग्णाची लक्षणे, स्कॅनचे चित्र आणि तुकड्याचा अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. ‘नमुना अपुरा आहे’ किंवा ‘निर्णायक मत देता येत नाही’ असे आम्ही लिहितो, तेव्हा कुटुंबीयांचा हिरमोड होतो, हे आम्ही जाणतो. तथापि खात्री नसताना रोगाचे नाव लिहिणे हे त्याहून अधिक घातक असते.

कुटुंबीयांनी काय करावे

यात आपला वाटाही मोठा आहे. काही गोष्टी आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट बाटलीची. बाहेरगावच्या इस्पितळातून नमुना पुष्कळदा नातेवाईकच घेऊन येतात. त्यावर रुग्णाचे नाव, वय, अवयव, बाजू आणि तारीख लिहिली आहे ना, हे निघण्यापूर्वी वाचून पाहावे. बाटलीत फॉर्मालिन आहे की सलाइन, हे विचारून घ्यावे. नुसत्या सलाइनमध्ये तासन्‌तास राहिलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीस निकामी होतो. क्षयाचा संशय असेल, तर मात्र गाठीचा एक भाग फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा वेगळ्या निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये यावा. कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून कोणते औषध लागू पडेल हे पाहता येत नाही. सलाइनमधील भाग मात्र तातडीने पोहोचविला पाहिजे. मूत्रपिंडाच्या तुकड्याचेही असेच दोन भाग निरनिराळ्या द्रावांत पाठवावे लागतात. हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे. पण आपण विचारल्याने विसर पडण्याचा संभव कमी होतो.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेत काढलेला अवयव तपासणीस गेला की नाही, हे अवश्य विचारावे. पित्ताशयातील खडे नातेवाईक कौतुकाने डबीत घालून घरी नेतात, आणि पित्ताशय मात्र खर्च वाचविण्यासाठी टाकून दिले जाते, असे काही ठिकाणी घडते. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात क्वचित अनपेक्षित कर्करोग आढळतो; तो त्याच वेळी कळला तर पुढील उपचार करता येतात. टाकलेला अवयव पुन्हा मिळत नाही.

तिसरी गोष्ट, अर्जावर रोगाची हकिकत पूर्ण लिहिलेली असावी. पूर्वीचे अहवाल, चालू असलेली औषधे, पूर्वी झालेला आजार यांची माहिती लपवू नये. तीच पेशी वेगळ्या पार्श्वभूमीवर वेगळा अर्थ सांगते.

चौथी गोष्ट, अहवालाच्या कागदाइतकेच काचपट्टी आणि मेणाचा ब्लॉक यांस महत्त्व आहे. दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावयाचे असल्यास त्यांना हेच लागते. असे मत घेण्यात आमचा मुळीच अवमान नाही. किंबहुना अवघड प्रकरणांत आम्ही स्वतःच ते सुचवितो. ब्लॉक नेल्यास पावती जपावी, तो उन्हात किंवा गरम वाहनात ठेवू नये आणि काम होताच परत आणून द्यावा. मेण वितळते, आणि त्याबरोबर पुरावाही बिघडतो.

देणगीदारांस निवेदन

शेवटी देणगीदार आणि विश्वस्त यांच्याशी दोन शब्द. आपल्या दानातून उभा राहिलेला कक्ष, रुग्णवाहिका किंवा खाट सर्वांस दिसते, आणि तिच्यावरील नाव वाचून आणखी चार जणांस देण्याची बुद्धी होते. टिश्यू प्रोसेसर किंवा मायक्रोटोम यांच्यावरील नाव कोणी वाचावयास येत नाही. तरीही कक्षातील खाटेवर निजलेल्या रुग्णास योग्य औषध मिळते की चुकीचे, हे पुष्कळदा या यंत्रांपाशीच ठरते.

आम्ही तीन बाबतींत आपले साहाय्य मागतो. विशेष चाचण्यांचा खर्च ज्यांना झेपत नाही, अशा रुग्णांसाठी एक स्वतंत्र निधी असावा. केवळ पैशांअभावी निदान अर्ध्यावर थांबू नये. ब्लॉक आणि काचपट्ट्या थंड, कोरड्या जागी क्रमवार जतन करण्यासाठी पुरेशी जागा व कपाटे असावीत. काही वर्षांनी रोग उलटल्यास जुन्या ब्लॉकशी तुलना करता येते, आणि आज उपलब्ध नसलेली चाचणी उद्या त्याच ब्लॉकवर करता येते. तिसरी बाब तंत्रज्ञांच्या शिक्षणाची. काप नीट निघाला नाही, तर पुढे कितीही अनुभवी डॉक्टर बसले तरी त्यांस नीट दिसणार नाही. म्हणून या मंडळींच्या प्रशिक्षणावर होणारा खर्च हा थेट रुग्णावर होणारा खर्च समजावा.

येथे बसलेल्या कित्येक कुटुंबांनी आमच्या अहवालाची वाट पाहत रात्री जागून काढल्या असतील. त्या वाट पाहण्यातील क्लेश आम्ही पूर्णपणे दूर करू शकत नाही. त्या दिवसांत आपल्या माणसाच्या तुकड्यावर काय काम चालू असते, हे आपणांस कळावे, आणि पुढे कोणी आप्त गाठ घेऊन आपल्याकडे सल्ल्यास आला, तर ‘आधी तपासून घे’ असे आपण त्यास निःशंकपणे सांगावे, एवढ्याचसाठी हा प्रपंच केला. अहवालातील शब्द समजला नाही, तर आमच्या विभागात येऊन अवश्य विचारावे; तो समजावून सांगणे हे आमचे कर्तव्यच आहे.